रेषेची जाडी

झिंदरच्या नकाशा-कचेरीत माझं काम रंग भरण्याचं.
तीनशे मिलिमीटर पावसाच्या रेषेखाली हिरवा,
वर पिवळा.
हिरव्यात बाजरी पेरायची, पिवळ्यात गुरं चारायची
असा कायदा,
आणि कायद्याला रंग लागतात.

साहेब म्हणायचे, प्रदेश म्हणजे सारखेपणा.
एक माती, एक पाऊस, एक पीक;
एका गुणाच्या जागा एका कुंपणात घाल
की झाला प्रदेश.
मी घातल्या. सतरा वर्षं घातल्या.
पाऊस काही कुंपण बघून पडला नाही.
एका साली रेषा साठ किलोमीटर खाली घसरली
आणि मी खोडरबरानं
चाळीस गावांची शेतं कुरणात ढकलली.
रबराचा चुरा फुंकला,
तो टेबलाखाली पडला,
संध्याकाळी झाडूवाल्यानं नेला.

मग एकदा जीपमध्ये घालून पाठवलं पडताळणीला.

गिदान कुकाच्या बाजारात तसल्ला कांदे विकत होती.
विचारलं, बाई, तुमचा प्रदेश कुठवर?
हसेल असं वाटलं होतं. तिनं हिशेब केला:
पहाटे निघालेलं गाढव
उन्हं डोक्यावर यायच्या आत इथं पोचतं ना,
तिथवर.
त्यापलीकडची माणसं दुसऱ्या बाजारात जातात,
त्यांच्या मुली आमच्यात दिल्या जात नाहीत,
त्यांच्या कांद्याचा भाव मला विचारू नका.
मधली विहीर आटली त्या वर्षी
आमचा मुलूख आकसला, म्हणाली.
डांबरी रस्ता आला तेव्हा फुगला.
आता तो मोबाईलचा मनोरा उभा राहिलाय,
त्यानं काय झालंय
ते अजून नीट कळलेलं नाही.
मी वहीत एक वर्तुळ काढलं.
ती वाकून बघत म्हणाली, इतकं गोल नाही हो,
पूर्वेला आमचं भांडण आहे.

बाम्मो गुरांमागे चालला होता.
त्याच्यासोबत चालतच विचारावं लागलं,
रान कुठे सुरू होतं?
घरचं कुत्रं जिथून मागे फिरतं, तिथे.
आणि कुत्रं म्हातारं झालं की?
मग रान जवळ येतं.
अक्षांश लिहायला उघडलेली वही
माझ्या हातात तशीच राहिली.
पुष्कळ वेळानं, आपण होऊन, तो बोलला:
साहेल म्हणजे किनारा, असं शाळेत शिकवतात पोरांना.
वाळू तुडवत उत्तरेकडून जे आले
त्यांना लागला असेल किनारा.
आम्ही कुठून आलो नाही. आम्हाला हे अंगण.
आणि एका वासराला त्यानं
न मारता, नुसत्या जिभेच्या आवाजानं
वळवलं.

परत येऊन टेबलाशी बसलो.
प्रमाण वीस लाखांस एक.
माझ्या निबेची रेघ अर्धा मिलिमीटर,
म्हणजे जमिनीवर एक किलोमीटर रुंद.
सतरा वर्षांत हा गुणाकार
मी कधी केलाच नव्हता.
त्या किलोमीटरभरात गिदान कुका अख्खं:
अकरा झोपड्या, छप्पर उडालेली शाळा,
पाणी असलेली विहीर,
ज्याच्या नावानं गाव आहे तो गोरखचिंचेचा बुंधा,
सावलीत गोणपाट, गोणपाटावर कांदे.
हिरव्यात नाही. पिवळ्यात नाही.
शाईत.

शाईत पेरायचं की चारायचं
हे कायद्यात कुठेही लिहिलेलं नाही.

साहेब नसताना मी निब घासली.
कानशीवर, मग काचेवर, मग अंगठ्याच्या नखावर.
पुन्हा रेघ ओढली: पाचशे मीटर.
शाळा बाहेर आली. विहीर बाहेर आली.
तसल्ला अजून आतच,
उरलेले कांदे मोजत.

मी निब पुन्हा कानशीवर धरली.